महागुरुस्वामी अनास्तासियस हार्टमन यांचे अल्पचरित्र

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी आपल्या देवळाचा पाया कोणी घातला याचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. आम्ही मात्र येथे दूरदेशच्या एका पुरुषाचे चरित्र थोडक्यात सांगणार आहो. कारण पुणे प्रांतातील आपल्या धर्मकार्याचे एक मूळ त्यांच्यापर्यंत जाऊन पोहोचते.

स्वित्झर्लंडातील ल्युसर्न प्रांतात, आल्प्स पर्वताच्या उत्तरेस, बाल्डेग सरोवरानजीक हित्सकिर्ख हे गाव आहे. ट्यूटॉनिक नामक धर्मयोद्ध्यांच्या संघाचे जुने ठाणे ही त्या गावाची कीर्ती. त्याच्या शेजारच्या आल्टविस या खेड्यात 24 फेब्रुवारी 1803 रोजी हार्टमन यांचा जन्म झाला. 1821 साली ते कॅपुचिन संघात शिरले व 1825 साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे ते स्वदेशी तत्त्वज्ञान व ईश्वरविज्ञान शिकवीत असत. ही स्थिर अध्यापकी सोडून, वयाच्या चाळिशीत, त्यांनी हिंदुस्थानची वाट धरली. आग्रा व ग्वाल्हेरकडे काही काळ सेवा केल्यावर 1846 साली त्यांना पाटण्याचे महागुरुस्वामी म्हणून अभिषेक झाला.

1849 साली मुंबईचा कारभार त्यांच्याकडे आला, आणि तेथे त्यांच्या धैर्याची खरी कसोटी लागली. त्या काळी मुंबईचे श्रद्धावंत दोन पक्षांत विभागले होते. पोर्तुगालच्या राजाच्या जुन्या आश्रयाधिकाराला मानणारा एक पक्ष. रोमने नेमलेल्या अधिकाऱ्यांना मानणारा दुसरा. 1853 साली माहीमच्या सेंट मायकल देवळाचा ताबा कोणाचा, यावरून कलह पेटला. हार्टमन स्वतः देवळात ठाण मांडून बसले. विरोधकांनी कित्येक दिवस वेढा घातला. वेढा घालणारे व आत कोंडलेले एकाच वेदीचे श्रद्धावंत होते, ही गोष्ट आम्हांस अत्यंत दुःखदायक वाटते. अखेर देऊळ विरुद्ध पक्षाकडे गेले. ही दुहेरी सत्ता 1928 सालच्या करारापर्यंत पुरती मिटली नाही.

देऊळ गेले तरी त्यांचे कार्य मात्र टिकले. 1850 साली त्यांनी काढलेले ‘बॉम्बे कॅथॉलिक एक्झामिनर’ पत्र पुढे ‘एक्झामिनर’ या नावाने चालू राहिले. त्यांच्याच कारकीर्दीत जर्मन येशूसंघीय गुरू या प्रांती आले. 1858 साली सर्व मिशन त्या संघाकडे सोपविण्यात आले. त्याच संघाने 1867 साली पुण्यात सेंट व्हिन्सेंट शाळा काढली, आणि 1886 साली पुणे धर्मप्रांत स्थापन झाला.

1860 साली हार्टमन पुन्हा पाटण्यास गेले. लोकांच्या भाषेत धर्म सांगावा म्हणून त्यांनी नव्या कराराचे हिंदुस्थानी भाषांतर केले. 24 एप्रिल 1866 रोजी कुर्जी येथे त्यांनी देह ठेवला. 1998 साली परमगुरुस्वामी दुसरे जॉन पॉल यांच्या काळात ख्रिस्तसभेने त्यांना ‘पूजनीय’ ही पदवी दिली.

आमचे वारजे हेही 1997 साली पुणे महानगरपालिकेत येईपर्यंत खेडेच होते. प्रिय धर्मबंधुभगिनींनो, लहान गावातून मोठे कार्य निघू शकते, हे आल्टविसने दाखविले आहे. तसेच देवळाच्या चाव्यांसाठी भांडणाऱ्यांच्या हाती काय उरते, हे माहीमने दाखविले आहे. ज्युबिलीच्या दिवशी आपण या दोन्ही गोष्टी ध्यानी धराव्या, एवढीच आमची प्रार्थना.