भास्कराचार्यांचा हौद

मुलांनो, एक हौद आहे. त्यात चार झऱ्यांचे पाणी येते. पहिला झरा एकटाच सोडला तर हौद भरायला २४ तास लागतात. दुसऱ्याला १२, तिसऱ्याला ८ आणि चौथ्याला फक्त ४ तास. आता सांगा, चारही झरे एकदम सोडले तर किती वेळ लागेल?

वर्गात काही मुले लगेच बेरीज करतात आणि ४८ म्हणतात! अरे, चौथा झरा एकटाच ४ तासांत हौद भरतो. मग इतरांनी मदत केल्यावर जास्त वेळ कसा लागेल?

हे उदाहरण फार जुने आहे. ते भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या संस्कृत ग्रंथात आहे. भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४ मध्ये झाला. त्यांचे गाव सह्याद्रीच्या परिसरात होते. त्यांचे वडील महेश्वर हे ज्योतिषी होते. तेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. 'लीलावती' हा त्याचाच एक भाग. लीलावती ही त्यांची मुलगी, असे सांगतात. तिच्या लग्नाच्या मुहूर्ताची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती दंतकथा समजा.

त्यांनी गणित पद्यात लिहिले. त्यात भुंगे आहेत, हंस आहेत, सापावर झेपावणारा मोर आहे. अशी उदाहरणे वाचून कंटाळा कसा येईल?

आता हौदाकडे वळू. भास्कराचार्य तासांची बेरीज करत नाहीत, कामाची करतात. एका दिवसात पहिला झरा १ हौद भरतो. दुसरा २, तिसरा ३, चौथा ६. चौघे मिळून दिवसाला १२ हौद भरतात. म्हणून एक हौद भरायला दिवसाचा बारावा भाग, म्हणजे २ तास पुरतात. मजूर, नळ, शिंपी, कोणाचेही उदाहरण असो, आधी एका दिवसाचे किंवा एका तासाचे काम काढा आणि मगच बेरीज करा.

भास्कराचार्य म्हातारपणीही लिहीत राहिले. 'करणकुतूहल' हा ग्रंथ त्यांनी ६९ व्या वर्षी लिहिला. पुढे त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ च्या शिलालेखात त्याची नोंद आहे.

तुमच्या ओळखीचे एक नाव या कथेत आहे. अकबर बादशहाच्या आज्ञेवरून कवी फैजी यांनी १५८७ मध्ये 'लीलावती'चे फारसीत भाषांतर केले. फैजी म्हणजे अबुल फजल यांचे थोरले भाऊ.