अनुभवाचा दाखला मागणाऱ्यांनी लिंकन वाचावा

शोषितांच्या बाजूने बोलणारा कोणी नेतृत्वासाठी पुढे आला, की प्रस्थापितांचा पहिला सवाल ठरलेला असतो : याला राज्यकारभाराचा अनुभव काय? अमेरिकेच्या इतिहासाने या सवालाचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे.

अब्राहम लिंकन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकीत, ओंडक्यांच्या खोपटात झाला. त्यांचे सगळे शालेय शिक्षण मिळून वर्षभराचेही भरत नाही. नावेवर मजुरी, दुकानात नोकरी, जमीन मोजणी असे करत त्यांनी कायदा स्वतः वाचला आणि १८३६ मध्ये वकिलीची सनद मिळवली. इलिनॉयच्या विधिमंडळात ते चार वेळा निवडून गेले. पण राष्ट्रीय प्रतिनिधीगृहातील त्यांचा अनुभव अवघ्या दोन वर्षांचा, १८४७ ते १८४९. पुढे सिनेटची संधी दोनदा हुकली आणि १८६० मध्ये हाच माणूस राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला.

त्यांच्या आधीचे अध्यक्ष जेम्स बुकॅनन मात्र मुरलेले राजकारणी. प्रतिनिधीगृह, सिनेट, रशिया व ब्रिटनमधील राजदूतपद, परराष्ट्रमंत्रिपद, सारे उपभोगून ते आले होते. या अनुभवाचे त्यांनी काय केले? कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारणाऱ्या १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालासाठी त्यांनी पडद्याआडून एका न्यायाधीशाला गळ घातली. गुलामगिरी टिकवण्यासाठी सात राज्ये फुटून निघाली, तेव्हा हे महाशय हातावर हात ठेवून बसले.

लिंकनही निर्दोष नव्हते. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना देशाबाहेर वसवण्याचा विचार त्यांनी बराच काळ बाळगला. १ जानेवारी १८६३ ची मुक्तीची घोषणा बंडखोर प्रदेशापुरतीच होती. पण ते शिकत गेले. स्वतःहून अधिक अनुभवी प्रतिस्पर्ध्यांना त्यांनी मंत्रिमंडळात घेतले. गुलामगिरीतून निसटून आलेले फ्रेडरिक डग्लस कृष्णवर्णीय सैनिकांच्या समान वेतनासाठी भांडायला आले, तेव्हा त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती ३१ जानेवारी १८६५ रोजी प्रतिनिधीगृहात मंजूर झाली, त्यामागे विधिमंडळात मिळवलेले मतांच्या जुळवाजुळवीचे कसब होतेच. १४ एप्रिलला त्यांच्यावर गोळी झाडली गेली आणि दुसऱ्या दिवशी ते गेले.

म्हणजे अनुभव निरुपयोगी नसतो. पण तो कोणाच्या बाजूने वापरला, हा खरा सवाल आहे. बुकॅनन यांचा अनुभव मालकांच्या कामी आला. लिंकन यांचा तुटपुंजा अनुभव साखळ्या तोडण्याच्या. यापुढे कोणी अनुभवाचा दाखला मागितला, तर आपण भूमिकेचा दाखला मागावा.