बॉयलरच्या कारखान्यातून पिल्लाच्या किडनीपर्यंत: सोनोग्राफी घडवणारे डॉ. इयान डोनाल्ड

आमच्या सिन्नरच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा, 'यूटी' म्हणजे काय ते लगेच सांगेल. वेल्डिंगच्या आत भेग राहिली का, हे अल्ट्रासाउंडने तपासायचं. आज दवाखान्यात जी सोनोग्राफी होते, ती याच तपासणीची बहीण. या दोघींची गाठ घालून देणाऱ्यांत सगळ्यात महत्त्वाचं नाव डॉ. इयान डोनाल्ड यांचं.

युद्धात ओळख झाली

डोनाल्ड यांचा जन्म 1910 चा, इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा. शिक्षणाचा काही काळ दक्षिण आफ्रिकेत गेला, मग लंडनला येऊन ते डॉक्टर झाले. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात होते. पेटलेल्या विमानातून सैनिकांना बाहेर काढल्याबद्दल त्यांचा सन्मानही झाला. रडार आणि सोनार ही तंत्रं त्यांना याच काळात कळली. लहर सोडायची, ती आपटून परत येईपर्यंतचा वेळ मोजायचा आणि त्यावरून अंतर काढायचं, एवढंच त्याचं सूत्र.

गाठी घेऊन कारखान्यात

1954 मध्ये ते ग्लासगोला प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. रोजचा प्रश्न असा, की पोटातली गाठ पाण्याने भरलेली आहे की भरीव? हाताने चाचपून ते नेहमी कळत नसे. 21 जुलै 1955 ला ते ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी गाडीत घालून रेनफ्रूच्या 'बॅबकॉक अँड विलकॉक्स' या बॉयलर कंपनीत पोचले. तिथल्या धातू तपासायच्या मशीनवर गाठी ठेवल्या, तुलनेसाठी मांसाचा मोठा तुकडाही ठेवला. पाण्याच्या गाठीतून लहर आरपार गेली, भरीव गाठीतून मधूनमधून प्रतिध्वनी आले. फरक स्क्रीनवर दिसला!

पुढे टॉम ब्राऊन हा तरुण इंजिनिअर आणि डॉ. जॉन मॅकव्हिकर सोबत आले. एका बाईला पोटाचा, ऑपरेशन न होण्यासारखा कॅन्सर आहे असं ठरलं होतं. यांच्या मशीनवर मात्र ती पाण्याची मोठी गाठ दिसली. गाठ काढली, बाई बरी झाली. 7 जून 1958 ला तिघांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला, तेव्हा कुठे जगाने दखल घेतली.

पिल्लाच्या पोटात काय बघतात?

आमचं शिह त्झूचं पिल्लू आठ महिन्यांचं असताना सारखं पाणी प्यायचं, सारखी लघवी करायचं आणि अंगच धरत नव्हतं. डॉक्टरांनी सोनोग्राफीसाठी नाशिकला पाठवलं. पोटावरचे केस काढले, जेल लावलं, प्रोब फिरवला. भूल द्यावी लागली नाही.

मऊ अवयवांत आवाज सेकंदाला साधारण 1540 मीटर जातो. किडनी 5 सेंटीमीटर खोल असेल, तर लहर जाऊन-येऊन सुमारे 65 मायक्रोसेकंदांत परत. द्रव काळा दिसतो, भरीव भाग करडा. निरोगी किडनीत बाहेरचा थर आणि आतला थोडा गडद थर असे दोन वेगळे दिसतात. ते एकमेकांत मिसळलेले, किडनी लहान आणि कडा वेडीवाकडी असेल, तर ती गर्भातच नीट घडली नसल्याचा संशय येतो. या आजाराला रीनल डिस्प्लेशिया म्हणतात. शिह त्झू आणि ल्हासा अप्सो या जातींत तो माहीत आहे. आत बरेच काळे गोल दिसले तर सिस्ट, आणि मधला भाग काळा होऊन फुगला असेल तर लघवी तुंबल्याची शक्यता. शेवटी डोनाल्ड यांचाच प्रश्न: पाणी की भरीव?

आमच्या पिल्लाच्या दोन्ही किडन्या लहान आणि थर अस्पष्ट निघाले. लघवीही पातळ होती. पक्की खात्री बायोप्सीनेच होते, पण एवढ्यावर डॉक्टरांनी आहार बदलला आणि नियमित तपासण्या सुरू केल्या. हा आजार पूर्ण बरा होत नाही, सांभाळावा लागतो.

हे लक्षात ठेवा

रक्तातलं क्रिएटिनिन बहुधा किडनीचं बरंचसं, जवळपास तीन चतुर्थांश काम गेल्यावरच वाढतं. म्हणून फक्त रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला की निर्धास्त होऊ नका. पिल्लू जास्त पाणी पीत असेल, वाढत नसेल, तर लघवीची तपासणी आणि सोनोग्राफीबद्दल डॉक्टरांना विचारा. पहाटेची लघवी स्वच्छ डबीत नेली तर उत्तम.

डोनाल्ड यांना स्वतःला हृदयाचा आजार होता, मोठी ऑपरेशन्स झाली, तरी 1976 ला निवृत्त होईपर्यंत ते काम करत राहिले. 19 जून 1987 ला ते गेले. तोवर अनेक देशांत सोनोग्राफी ही रोजची तपासणी झाली होती. आता तर प्रोब थेट मोबाइलला जोडता येतो. मशीन खिशात मावलं, पण स्क्रीनवरचा करडा-काळा वाचायला शिकलेला डॉक्टरच लागतो.