नाथांच्या घरचे सुख

कीर्तन संपते, आरती होते, सगळ्यांना बुक्का लावून होतो, आणि मग श्रोत्यांपैकी एखादा माणूस मागे रेंगाळतो. गर्दी पांगली की जवळ येतो आणि हळूच विचारतो, बुवा, घरात सगळे आहे, पण मनाला स्वस्थता नाही. चिंता सुटत नाही, काय करावे? गेली चाळीस वर्षे हा प्रश्न मी गावोगाव ऐकत आलो आहे. पूर्वी मी एखादा संस्कृत श्लोक सांगून त्याला वाटेला लावीत असे. श्लोक काही खोटा नव्हता. पण तो घेऊन माणूस घरी गेला की दारातच गळून पडत असेल. आता मी त्याला पैठणच्या एका घरची हकीकत सांगतो. तीच आज येथे लिहितो.

श्रीएकनाथ महाराजांचा जन्म इ.स. १५३३ च्या सुमारास पैठण क्षेत्री झाला. पणजोबा भानुदास महाराज. विजयनगरास गेलेली पांडुरंगाची मूर्ती त्यांनी पंढरीस परत आणली, ही गोष्ट वारकऱ्याला नव्याने सांगायला नको. वडील सूर्यनारायण, आई रुक्मिणीबाई. दोघेही नाथांच्या बाळपणीच गेले. म्हाताऱ्या आजोबांनी, चक्रपाणींनी, नातवाला वाढवले. म्हणजे पाहा, ज्यांच्या घराकडे आपण सुखाचे घर म्हणून बोट दाखवतो, त्यांना आईबापांचे घर आठवणीपुरतेही मिळाले नाही.

पुढे गुरूच्या ओढीने कोवळ्या वयातच पोर घरातून निघाले ते थेट देवगिरीवर गेले. तेथे जनार्दनस्वामी किल्ल्याचे अधिकारी होते. निजामशाहीची चाकरी आणि दत्तात्रेयांची उपासना या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या अंगी होत्या, हे लक्षात ठेवा. नाथांना गुरूच असा मिळाला, की ज्याने कचेरी सोडली नाही आणि देवही सोडला नाही. तिथली हिशेबाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. एका पैची चूक काही केल्या सापडेना. नाथ रात्रभर दिवा लावून वह्या धुंडाळीत बसले आणि चूक सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागे झाले. पैच्या शोधात जे चित्त इतके लागते ते देवाकडे लागले तर काय होईल, हे त्यांनी शिष्याला तेव्हाच समजावले.

एकाग्रतेसाठी ही गोष्ट सगळे सांगतात, मीही सांगतो. पण हल्ली मला तिच्यात आणखी एक दिसते. चूक आहे हे कळल्यावर नाथ हाय हाय करीत बसले नाहीत, आणि जाऊ द्या एक पै म्हणून पांघरूण घेऊन झोपलेही नाहीत. चूक होती तोवर शोधली. सापडली, टाळी वाजवली, वही मिटली. निश्चिंती आणि बेफिकिरी या दोन वस्तू निराळ्या आहेत हो. आपण चिंता सोडतो म्हणतो तेव्हा पुष्कळदा नुसते काम सोडलेले असते, आणि काम सोडले की चिंता दुप्पट होऊन परत येते.

गुरुसेवा झाली, शूलभंजन पर्वतावर अनुष्ठान झाले, तीर्थयात्रा झाली. इकडे आजोबांचे डोळे वाटेला लागलेले. त्यांनी जनार्दनस्वामींकडून एक पत्र मिळवून ठेवले होते, आणि नाथ यात्रेहून पैठणास आले तेव्हा ते त्यांच्या हाती दिले. गुरूंची आज्ञा अशी, की आता पुढे जाऊ नये, पैठणासच राहावे आणि गृहस्थाश्रम स्वीकारावा. परंपरा सांगते, की ज्या जागी पत्र वाचले त्याच जागी नाथ थांबले आणि पुढे तेथेच त्यांचे घर उभे राहिले. वैराग्याच्या वाटेवर निघालेल्या तरुणाला घराकडे वळायला सांगणे सोपे नाही. आपल्याकडे तर घर म्हणजे बंधन हे बोल लहान पोरेही बोलतात. नाथांनी मात्र घर हे गुरूंनी हाती दिलेले काम मानले. माझ्या मते त्यांच्या साऱ्या सुखाची किल्ली या एका गोष्टीत आहे. घर माझे म्हटले की त्यातली कुरकुरणारी कडीसुद्धा झोप उडवते. घर दुसऱ्याचे आणि आपण तेथले सेवेकरी, एवढे मनाने घेतले की कडी कुरकुरतच राहते, पण झोप लागते.

लग्न झाले ते गिरिजाबाईंशी. कीर्तनकार मंडळी नाथांची शांती वर्णन करताना या माउलीला दोन वाक्यांत आटोपतात, हे मला कधी पटले नाही. घरात गोदावरी, गंगा या मुली आणि हरी हा मुलगा. उद्धव हा सेवक घरच्यासारखा. अतिथी किती याला गणती नाही. नाथ पहाटे उठून ध्यान करीत, गोदावरीचे स्नान, नित्यपाठ, दुपारी पुराण, रात्री कीर्तन. हे सगळे चालायचे कशावर? चुलीवर. आणि चूल गिरिजाबाईंची.

एक प्रसंग सांगतो. एका गरीब ब्राह्मणाला मुलाच्या मुंजीसाठी पैसे हवे होते. गावातल्या टवाळांनी त्याला सांगितले, की नाथांना राग आणून दाखव, दोनशे रुपये देऊ. बिचारा गेला. पायांत जोडे तसेच ठेवून आत शिरला आणि देवपूजेला बसलेल्या नाथांच्या मांडीवर जाऊन बसला. नाथांना त्याचे कौतुक वाटले. भेटीला इतका आतुर झालेला माणूस आजवर पाहिला नाही म्हणाले. मग पाने मांडली. गिरिजाबाई तूप वाढायला वाकल्या तो हा गडी त्यांच्या पाठीवर चढला! नाथांनी फक्त एवढेच सुचवले, की जपा, पाहुणे पडतील. गिरिजाबाई तशाच वाकून उत्तरल्या, की हरीला पाठीवर घेऊन कामे करायची सवय आहे मला, पडू कशी देईन? ब्राह्मण पाठीवरून उतरला तो पायांवर पडला. त्याची अडचण कळल्यावर नाथांना हळहळ वाटली ती एवढीच, की आधी सांगितले असते तर रागावून दाखवले असते, त्याचे दोनशे रुपये तरी पदरात पडले असते.

श्रोते येथे हसतात आणि हसायलाच पाहिजे. पण घरी जाऊन विचार करा, की नाथांची शांती घाटावरची एक वेळ समजू शकते; अंगावर थुंकणाऱ्याला काही न बोलता पुन्हा पुन्हा गोदेत बुडी मारून येणारे ते नाथ. पण भर पंक्तीत, हातात तुपाचे भांडे असताना, पाठीवर परका माणूस बसला तरी ज्या बाईचा तोल गेला नाही, तिची शांती कोणत्या मोलाची असेल? एकट्याने निश्चिंत होणे निराळे, आणि घराचे घर निश्चिंत होणे निराळे. नवरा शांत आणि बायको धास्तावलेली, असल्या शांतीला मी तरी शांती म्हणत नाही. ती आपली दुसऱ्याच्या खांद्यावर टाकलेली चिंता.

पावसाळ्यातल्या एका रात्री भिजलेले, उपाशी पाहुणे आले आणि घरात कोरडे लाकूड नव्हते, तेव्हा नाथांनी निजण्याचा पलंग मोडून चुलीला दिला. श्राद्धाच्या दिवशी स्वयंपाकाचा वास आला म्हणून अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या एका कुटुंबाची पोरे दाराबाहेर घुटमळली, तर ते अन्न त्यांना वाढले आणि पितरांसाठी पुन्हा स्वयंपाक केला. ब्रह्मवृंदाने पानावर बसायचे नाकारले. गाव वाळीत टाकील, मुलामुलींची लग्ने कशी व्हायची, ही धास्ती त्या काळी केवढी मोठी! त्या घराने ती धास्ती धरली नाही. पुढे पितरच जेवायला आले अशी कथा आहे. पण पोरांना वाढले तेव्हा ते येणार हे कोणाला ठाऊक होते?

या कथा आपल्यापर्यंत बहुतेक महिपतीबुवांच्या वाटेने आल्या. त्यांचा भक्तविजय १७६२ चा, भक्तलीलामृत १७७४ चे. म्हणजे नाथांनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी लिहिलेले. इतिहासाचे पंडित त्या तोलून घेतात, त्यांनी घ्याव्यात. मी एवढेच पाहतो, की दीडशे वर्षे उलटली तरी त्या घराविषयी लोकांनी काय आठवणीत ठेवले: तूप वाढणारा हात, मोडलेला पलंग, दुसऱ्यांदा पेटवलेली चूल.

या धबडग्यात नाथांनी लिहिले किती! १५७१ साली रुक्मिणीस्वयंवर. भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका पैठणास सुरू केली, काशीच्या पंडितांनी प्राकृताबद्दल जाब विचारला, आणि ती पुरी झाली काशीतच, १५७३ साली. ३१ अध्याय आणि १८ हजारांवर ओव्या. १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. एकादशात कपोताची कथा येते. कबुतराचा जोडा पिलांच्या लाडात गुंतलेला. पिले जाळ्यात सापडली, मागून मादीने उडी घेतली, तिच्यामागून नरानेही. संन्याशाने ही कथा सांगितली तर आश्चर्य नाही. पण पुराण सांगून उठल्यावर ज्यांना स्वतःच्या मुलाला जवळ घ्यायचे होते त्या नाथांनी ती विस्ताराने लिहिली. त्यांनी पिलांवर माया करायचे सोडले नाही. मायेपोटी जाळ्यात उडी मात्र घेतली नाही. याचा कस पुढे लागला.

हरी मोठा झाला, हरिपंडित झाला. संस्कृतात गाढ विद्वान. त्याला वडिलांचे दोन आचार पटेनात: ते प्राकृतात पुराण सांगतात आणि कोणाच्याही घरी जेवतात. वाद इतका वाढला, की तो बायकामुलांना घेऊन काशीला निघून गेला. लोकांनी थुंकणे, पाठीवर चढणे हे बाहेरचे; पण पोटच्या मुलाने बापाचे जन्माचे काम हलके ठरवून घर सोडावे, हे आतले. नाथ काशीस गेले, मुलाची समजूत घालू लागले. त्याने अटी घातल्या: मराठी पुराण बंद, परान्न बंद. आणि नाथांनी त्या मान्य केल्या! ज्या मराठीसाठी काशीच्या सभेपुढे उभे राहिले, ती मुलासाठी बाजूला ठेवली. पैठणास हरिपंडित संस्कृतात पुराण सांगू लागले. वडील पुढे बसून ऐकत. श्रोते एकेक करून कमी झाले. नाथांनी काढून दाखवले नाही.

येथे मला माझे सांगितल्यावाचून राहवत नाही. पाठशाळेतून कौमुदी आणि दोन काव्ये शिकून मी विसाव्या वर्षी घरी आलो, तेव्हा वडिलांच्या कीर्तनातली भाषा मला गावंढळ वाटू लागली. एकदा भर कीर्तनात मी त्यांचा एक शब्द दुरुस्त केला. ते हसले, हातातली चिपळी माझ्या हाती दिली आणि म्हणाले, पुढचे तू सांग. मी सांगितले. तासाभरात मंडप निम्मा रिकामा झाला आणि उरलेले पेंगत होते. घरी आलो. वडिलांनी त्याविषयी अवाक्षर काढले नाही. आईने रोजच्यासारखी भाकरी वाढली. त्यांनी रागावायला हवे होते असे मला कित्येक दिवस वाटत राहिले.

हरिपंडितांचे मन पालटले ते एका गरीब बाईमुळे. हजार ब्राह्मण जेवू घालायचा तिचा संकल्प, आणि ऐपत एकाच पानाची. तिने नाथांना बोलावले. परान्नाची अट होती म्हणून नाथांनी हरिपंडितांनाच तेथे स्वयंपाक करायला सांगितले. जेवण झाल्यावर उष्टे पान हरिपंडितांनी उचलले, तर खाली दुसरे पान. ते उचलले तर आणखी. हजार भरली. मुलगा वडिलांच्या पायांवर आला आणि नाथांचे मराठी पुराण पुन्हा सुरू झाले. मुलगा वळेलच अशी खात्री धरून नाथ गप्प बसले होते असे मला वाटत नाही. तो वळला नसता तरी ते तसेच पुढे बसून ऐकत राहिले असते.

शेवटचे काम भावार्थरामायण. युद्धकांडाचे ४४ अध्याय झाले आणि नाथांचा काळ जवळ आला. ग्रंथ अपुरा राहतो ही केवढी टोचणी! पण घरात गावबा नावाचा एक मुलगा होता. रोज पुरणपोळी हवी म्हणून आईजवळ हट्ट धरी, तेव्हा तिने त्याला नाथांच्या घरी आणून सोडले. त्याला मंत्र दिला तर तोंडी येईना; एकनाथ एवढेच नाव तो घेई. लोक त्याला वेडगळ समजत. नाथांनी उरलेले रामायण त्याच्यावर सोपवले आणि त्याने ते पुरे केले. १५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. गुरूंची पुण्यतिथीही तीच.

नाथषष्ठीला पैठणास गेलात तर नदीकाठी समाधीचे दर्शन घेऊन परतू नका. गावातल्या वाड्यात जा. ते नाथांचे राहते घर. तेथे रांजण आहे. श्रीखंड्या नावाने देवाने बारा वर्षे चंदन उगाळले आणि गोदेच्या पाण्याच्या कावडी आणून भरला तो हा रांजण. बारा वर्षे घरातल्या माणसांना तो पोऱ्या कोण हे कळले नाही. तो गेल्यावर कळले. अजून तुकाराम बीजेपासून वारकरी त्यात पाणी घालतात. कधी भरेल याचा नेम नसतो. भरून वाहू लागला की देवाची घागर पडली म्हणतात. बायाबापड्या कळश्या घेऊन रांगेत उभ्या असतात, आपला कळशा ओततात, आत किती भरले ते वाकून पाहतात न पाहतात, आणि मागच्या बाईला जागा देऊन बाजूला होतात.