हेन्री कॉवेल

हेन्री डिक्सन कॉवेल (जन्म : ११ मार्च १८९७, मेन्लो पार्क, कॅलिफोर्निया; मृत्यू : १० डिसेंबर १९६५, न्यूयॉर्क राज्य) हे अमेरिकन संगीतकार, पियानोवादक, लेखक व शिक्षक होते. पियानोच्या पट्ट्या बोटांनी वाजवण्यापलीकडच्या वादनपद्धती त्यांनी रूढ केल्या.

जीवन

वडील आयरिश, तर आई लेखिका होती. आई-वडील विभक्त झाल्यावर त्यांचे बालपण गरिबीत गेले आणि शालेय शिक्षण फारसे झाले नाही. १९१४ मध्ये त्यांना बर्कली येथे चार्ल्स सीगर यांचे मार्गदर्शन लाभले. १९२० च्या दशकात त्यांनी युरोपात अनेक मैफली केल्या. १९२९ मध्ये सोव्हिएत संघातही त्यांचे वादन झाले.

वादनपद्धती

'द टाइड्स ऑफ मॅननॉन' (१९१७) या रचनेत डाव्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागाने अनेक पट्ट्या एकदम दाबल्या जातात. लगतच्या स्वरांच्या अशा समूहास स्वरपुंज म्हणतात. हे तंत्र वापरण्यासाठी बेला बार्टोक यांनी कॉवेल यांची परवानगी मागितली होती.

'एओलियन हार्प' मध्ये एका हाताने पट्ट्या आवाज न करता दाबून धरतात व दुसऱ्या हाताने आतील तारा छेडतात. त्यामुळे दाबलेल्या पट्ट्यांचेच स्वर निनादत राहतात. 'द बॅन्शी' (१९२५) मध्ये वादक पियानोच्या वळणाजवळ उभा राहतो आणि दुसरी व्यक्ती पेडल दाबून धरते. खर्जाच्या तारांवर बोटे व नखे लांबीच्या दिशेने घासल्याने विलापासारखा ध्वनी उमटतो. आयरिश लोककथांत बॅन्शी ही मृत्यूची चाहूल देणारी स्त्री आहे.

लेखन व संपादन

'न्यू म्युझिकल रिसोर्सेस' हा त्यांचा ग्रंथ १९३० मध्ये प्रसिद्ध झाला. १९२७ मध्ये सुरू केलेल्या 'न्यू म्युझिक' या त्रैमासिकातून त्यांनी चार्ल्स आइव्ह्ज यांच्यासह अनेक समकालीनांच्या रचना छापल्या.

तुरुंगवास

१९३६ मध्ये समलैंगिक संबंधांच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. सॅन क्वेंटिन तुरुंगात चार वर्षे असताना त्यांनी कैद्यांना संगीत शिकवले व रचनाही केल्या. १९४० मध्ये त्यांची सशर्त सुटका झाली आणि १९४२ मध्ये त्यांना राज्यपालांकडून माफी मिळाली. १९४१ मध्ये सिडनी रॉबर्टसन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सुटकेनंतरच्या त्यांच्या रचना आधीच्या तुलनेने सौम्य व परंपरेला धरून आहेत.

भारताशी संबंध

१९३१ मध्ये बर्लिन येथे ते पी. सांबमूर्ती यांच्याकडे कर्नाटक संगीत शिकले. पुढे त्यांनी भारताचा दौराही केला. त्यांच्या तेराव्या, 'मद्रास' सिंफनीत जलतरंग व तबलातरंग यांचा समावेश असून १९५९ मध्ये ती मद्रास येथे सादर झाली.

प्रभाव

जॉन केज व जॉर्ज गर्शविन हे त्यांचे विद्यार्थी होत. तारांमध्ये स्क्रू, रबर इत्यादी वस्तू बसवून पियानोचा ध्वनी पालटण्याचा केज यांचा प्रयोग कॉवेल यांच्या या तंत्राचाच पुढील टप्पा मानला जातो.