मोटारीला बटणाने जाग आणणारा केटरिंग

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटार सुरू करायची तर पुढच्या बाजूने लोखंडी हँडल मारावे लागे. त्याला ताकद लागेच, शिवाय इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल मारणाऱ्याचे मनगट मोडे. मनगटाजवळच्या एका अस्थिभंगाला डॉक्टर आजही ‘शोफर फ्रॅक्चर’ म्हणतात, ते यामुळेच. ही दुखापत टाळणारा विजेचा स्टार्टर चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्याने घडवला.

केटरिंगचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी ओहायो राज्यातील लाउडनव्हिलजवळच्या शेतकरी कुटुंबात झाला. डोळ्यांच्या दुखण्यामुळे त्याला महाविद्यालयीन शिक्षण मध्येच थांबवावे लागले. त्या काळात त्याने टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या तुकडीत काम केले आणि परत येऊन १९०४ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. पुढे डेटन शहरात नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत त्याने दुकानातील गल्ल्याच्या यंत्राला छोटी विद्युत मोटर बसवली. ही मोटर सतत चालवायची नव्हती. क्षणभरच जोर लावायचा होता. तेवढ्या वेळापुरता लहान मोटरवर मोठा भार टाकता येतो, हे त्याला कळले.

१९०९ मध्ये त्याने एडवर्ड डीड्स या सहकाऱ्याबरोबर ‘डेल्को’ कंपनी स्थापन केली. त्यांचे प्रयोग डीड्सच्या घरामागच्या कोठारात चालत. इंजिन फिरवायला प्रचंड मोटर लागेल, असे तेव्हाचे तज्ज्ञ मानत. केटरिंगने गल्ल्याचाच हिशोब लावला. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत त्याचा स्टार्टर आला. इंजिन सुरू करणारे यंत्रच नंतर जनित्र होऊन बॅटरी भारित करी आणि त्याच विजेवर दिवेही लागत.

त्यानंतर बॅटरी मोटारीच्या केंद्रस्थानी आली आणि तारांचे जाळे वाढत गेले. त्याला सुरक्षित ठेवणाऱ्या दोन गोष्टी आजच्या गाडीतही शोधता येतात. पहिली म्हणजे फ्यूज. बहुतेक गाड्यांत एक फ्यूज बॉक्स डॅशबोर्डखाली, तर दुसरा बॉनेटखाली बॅटरीजवळ असतो. कोणता फ्यूज कशाचा आणि किती अँपिअरचा, हे झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. फ्यूज उडाल्यावर जास्त अँपिअरचा बसवला, तर तार तापून आग लागू शकते. दुसरी म्हणजे अर्थ. परतीचा विद्युतप्रवाह गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून जातो, म्हणून बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाची जाड तार बॉडीला आणि इंजिनाला बोल्टने जोडलेली असते. दिवे, पंखे यांच्या अर्थ तारा बॉडीला जागोजागी बसवलेल्या असतात. त्या जोडाला गंज चढला, तर हेडलाइट मंदावतात आणि चांगली बॅटरी असूनही स्टार्टर अडखळतो. अनेकदा बिघाड बॅटरीत नसून या एका बोल्टखाली असतो.

केटरिंग १९२० ते १९४७ या काळात जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचा प्रमुख होता. त्याच्या नावावर १८०हून अधिक पेटंट आहेत. मात्र त्याच्याच हाताखाली थॉमस मिजली याने १९२१ मध्ये, इंजिनातील ठोका थांबवण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याचा शोध लावला. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात त्या विषाने पाच कामगार दगावले, तरी उत्पादन पुढे चालू राहिले आणि केटरिंगने त्याचे समर्थन केले. मोटारींच्या धुरातून शिसे जगभरच्या मुलांच्या रक्तात उतरले. भारतात २००० मध्ये पेट्रोल शिसेमुक्त झाले, तर जगातील शेवटचा शिसेयुक्त पेट्रोलपंप २०२१ मध्ये अल्जीरियात बंद झाला.

१९४५ मध्ये अल्फ्रेड स्लोन आणि केटरिंग यांच्या नावाने न्यूयॉर्कमध्ये कर्करोग संशोधन संस्था उभी राहिली. केटरिंगचे निधन नोव्हेंबर १९५८ मध्ये झाले. मनगटे वाचवणारा त्याचा स्टार्टर आजही कोट्यवधी गाड्यांत आहे; शिशाचे परिणाम निस्तरायला मात्र जगाला जवळपास शंभर वर्षे लागली.