मायकल फॅरडे : बाइंडिंगच्या दुकानातून विजेच्या शोधापर्यंत

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी आपण प्रोजेक्टचं ‘ब्लॅक बुक’ बाइंडिंगला टाकतो. काळा पुठ्ठा, सोनेरी अक्षरं, सबमिशन झालं की विषय संपला! पण 200 वर्षांपूर्वी लंडनमधल्या एका मुलाला हाताने बांधलेल्या अशाच एका पुस्तकामुळे थेट प्रयोगशाळेचं दार उघडलं. तुमच्या फोनच्या चार्जरमागचं तत्त्व शोधणारा मायकल फॅरडे तो हाच.

दुकानातला पोऱ्या

फॅरडेचा जन्म 22 सप्टेंबर 1791 चा. वडील लोहार, तेही सतत आजारी. शाळा म्हणजे लिहिणं, वाचणं आणि थोडंफार गणित, बस्स. तेराव्या वर्षी तो ब्लँडफर्ड स्ट्रीटवरच्या जॉर्ज रीबो यांच्या पुस्तकांच्या दुकानात कामाला लागला. काम काय, तर वर्तमानपत्रं पोचवणं. मुलगा प्रामाणिक आहे हे बघून 1805 मध्ये रीबोंनी त्याला 7 वर्षांच्या कराराने बाइंडिंग शिकायला ठेवलं. अशा शिक्षणासाठी तेव्हा मालकाला पैसे द्यावे लागायचे, ते मात्र त्यांनी माफ केले.

तेव्हा हाताने पुस्तक कसं बांधायचे ते थोडक्यात पाहूया. छापलेले मोठे कागद घडी घालून त्यांचे फर्मे करायचे. ते क्रमाने लावायचे आणि हातोडीने ठोकून सपाट करायचे. मग प्रत्येक फर्मा घडीतून सुई-दोऱ्याने आडव्या दोऱ्यांवर शिवायचा. पाठीला सरस लावायचा, पुठ्ठे जोडायचे, वर चामडं चढवायचं आणि शेवटी तापवलेल्या पितळी ठशांनी सोनेरी अक्षरं उठवायची. यात एक फर्मा जरी मागे-पुढे झाला तरी पुस्तक वाया! म्हणजे बाइंडरला हात साफ लागतोच, पण क्रमाची शिस्तही लागते.

फॅरडे बांधायला आलेली पुस्तकं वाचूनही काढायचा. ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’मधला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट यांचं रसायनशास्त्राचं पुस्तक त्याला दुकानातच भेटलं. वाचून तो थांबायचा नाही, परवडतील तेवढे प्रयोग स्वतः करून बघायचा. 1812 मध्ये त्याने 7 तांब्याची नाणी, जस्ताच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद एकावर एक रचून बॅटरी बनवली होती.

एका पुस्तकाने तिकिटं, दुसऱ्याने नोकरी

1810 पासून तो जॉन टेटम यांच्या विज्ञानाच्या व्याख्यानांना जाऊ लागला. फी एका व्याख्यानाला 1 शिलिंग, तीही मोठ्या भावाने दिलेली. तिथे घेतलेल्या नोट्स त्याने सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहिल्या, आकृत्या काढल्या आणि त्यांचे खंड बांधले. रीबोंनी ते कौतुकाने ग्राहकांना दाखवले. त्यातून विल्यम डान्स या ग्राहकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्ही यांच्या 4 व्याख्यानांची तिकिटं दिली. डेव्ही म्हणजे त्या काळचे स्टार शास्त्रज्ञ!

इकडे 1812 च्या ऑक्टोबरमध्ये करार संपला. आता फॅरडे पूर्ण शिकलेला बाइंडर होता, पण नवा मालक तापट निघाला आणि मन तर विज्ञानात अडकलेलं. आता आयुष्यभर हेच करायचं का, हा प्रश्न समोर होता. पदवी नाही, ओळख नाही, पैसा नाही. हातात होती फक्त कला. त्याने डेव्हींच्या व्याख्यानांच्या नोट्सही तशाच नीट लिहून, आकृत्यांसह बांधून काढल्या आणि डिसेंबरमध्ये त्यांना पाठवून दिल्या.

आजच्या भाषेत हा त्याचा पोर्टफोलिओ होता, बरं का! डेव्ही भेटले, पण जागा रिकामी नव्हती. काही महिन्यांतच मारामारी केल्यामुळे त्यांच्याकडच्या एका मदतनिसाला काढलं गेलं आणि 1 मार्च 1813 ला फॅरडे तिथे रुजू झाला. पगार आठवड्याला 25 शिलिंग.

दोरा आणि कापड

29 ऑगस्ट 1831. फॅरडेने साधारण 6 इंच व्यासाचं लोखंडी कडं घेतलं आणि त्यावर तांब्याच्या तारेची दोन वेगळी वेटोळी गुंडाळली. प्लॅस्टिकचं आवरण असलेली वायर तेव्हा कुठली? म्हणून तारांचे वेढे एकमेकांना चिकटू नयेत यासाठी त्याने मध्ये सुतळी आणि सुती कापड घातलं. दोरा आणि कापड, दोन्ही त्याच्या जुन्या हाताच्या सवयीचे! एका वेटोळ्यात वीज सुरू किंवा बंद केली की त्या क्षणी दुसऱ्याशी जोडलेली सुई हलायची. हेच विद्युत चुंबकीय प्रवर्तन. चार्जरमधला ट्रान्सफॉर्मर आणि वायरलेस चार्जिंग, दोन्ही याच तत्त्वावर चालतात.

16041

बाइंडरची शिस्त त्याने शेवटपर्यंत सोडली नाही. 1832 पासून तो प्रयोगांच्या नोंदींना ओळीने क्रमांक देऊ लागला. जमलेला प्रयोग असो वा फसलेला, नोंद होणारच. 1860 मध्ये शेवटचा क्रमांक पडला 16041. या नोंदींचे खंडही त्याने स्वतःच बांधले. उच्च गणित त्याला येत नव्हतं, त्याच्या कल्पना समीकरणांत मांडल्या त्या पुढे मॅक्सवेल यांनी. पण कोणत्या दिवशी काय केलं आणि काय दिसलं, हे त्याला हवं तेव्हा सापडायचं. आपण कोड कमिट करताना नेमकं हेच करायचा प्रयत्न करतो!

25 ऑगस्ट 1867 ला फॅरडे गेला. ते खंड आजही रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जपून ठेवलेले आहेत.

घरात एखादं जुनं शिवलेलं पुस्तक असेल तर मधोमध उघडून बघा, घडीत दोरा दिसेल. आणि मग फोनमधले ते शेकडो स्क्रीनशॉटही बघा, जे आपण ‘नंतर वाचू’ म्हणून ठेवलेत. त्यातल्या एका विषयाच्या तरी नोट्स क्रमाने लावून एकत्र बांधता येतील का?